'नादी' म्हणजे नक्की कोण? आवाजाचं वेड कसं झालं?

मांजराकाठ

१९८२ सालची गोष्ट. लातूर नुकताच उस्मानाबादपासून वेगळा जिल्हा झाला होता. काकाचं लग्न जमवायला औशाकडून पाहुणे आले होते. चहा झाला, सुपारी फिरली, विहिरीला पाणी किती, कोरडवाहू किती हेही झालं. मग मुलीच्या मामानं आवाज खाली घेऊन आजोबांना विचारलं, "पोराला काही नाद-बिद?"

आजोबा तोंड उघडायच्या आत आतून आज्जी म्हणाली, "हाय की!"

पुढचा शब्द 'रेडिओचा' होता, पण तो भांड्यांच्या आवाजात गेला. बैठक गार. मामानं टोपी सारखी केली, म्हणजे निघायची तयारी. शेवटी काकानं माळ्यावरची पत्र्याची पेटी काढून पाहुण्यांपुढं उघडली. आत जर्मनी, हॉलंड, जपान, चीन, रशियाहून आलेली रंगीत कार्डं. परदेशी स्टेशन ऐकून त्यांना 'तुमचा आवाज इथं असा असा येतो' म्हणून कळवायचं, मग ते पोच म्हणून कार्ड पाठवतात. त्याला क्यूएसएल कार्ड म्हणतात आणि असं करणाऱ्यांना डीएक्सर. हे काका आता सांगतो. तेव्हा त्याला गावात एकच पदवी होती, 'नादी'.

मामानं एक कार्ड उलटसुलट करून विचारलं, "हे लोक तुम्हाला पत्रं का धाडतेत?"
काका म्हणाला, "मी त्यांना सांगतो की तुमचं ऐकू येतंय."

लग्न जमलं. आता त्याच काकाच्या नातवानं बुलेटच्या टाकीवर 'नादखुळा' लिहून घेतलंय आणि सगळ्यांना दाखवत फिरतो. ज्या शब्दानं आजोबाचं लग्न मोडत होतं तो नातू पैसे देऊन रंगवून घेतो. हे कधी झालं? आणि मुळात नाद म्हणजे आवाज ना? घंटेचा नाद, शंखाचा नाद. मग पत्त्याचा नाद, बैलांचा नाद, बाटलीचा नाद कुठून आला? जाणकारांनी लिहावं. बाकीच्यांनीही लिहावं, जाणकार इथं कमीच आहेत.

बालाघाटी

आधी शब्द नीट मांडून घेऊ. आमच्या बीडकडं हा एकटा शब्द पाच घरची कामं करतो. 'त्याला पत्त्याचा नाद लागला', हे व्यसन. 'तो तिच्या नादी लागला', हे बहकणं. 'मोबाइलच्या नादात दूध उतू गेलं', इथं नुसतं ध्यान नव्हतं. 'ती जमीन काही मिळत नाही, नाद सोड', इथं आशा. आणि 'आमच्या नादी लागू नको' ही सरळ धमकी, तिच्यात आवड नाही की छंद नाही. निवडणुकीत पोरं ओरडतात ते 'नाद करायचा नाय' हे या धमकीचंच पोर.

नाद लागतो तेव्हा नाद कर्ता असतो, माणूस नव्हे. मला पत्त्याचा नाद लागला, जशी ठेच लागते, भूत लागतं. 'मी नाद लावून घेतला' असं कुणी आपणहून कबूल करत नाही!

मोसंबी_जालना

वाचतोय. (बाजूला चिवडा घेऊन.)

गोदाकाठ

मांजराकाठ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आमच्या पैठणात आहे असं मला वाटतं. पैठणकर सगळंच पैठणचं म्हणतात हे मान्य करून पुढं वाचा.

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपल्या चोवीस गुरूंची गोष्ट सांगतो. त्याच्या आठव्या अध्यायात हरीण येतं. पारधी गाणं लावतो, हरीण त्या सुरावर भुलतं, पाय हलत नाहीत, जाळ्यात सापडतं. म्हणून संन्याशानं ग्राम्य गीत ऐकू नये, असा धडा. पुढच्याच श्लोकात ऋष्यशृंग येतो. तो हरिणीचाच मुलगा, आणि बायकांच्या नाच-गाण्या-वाजवण्याला भुलून त्यांच्या हातातलं खेळणं झाला. हत्ती स्पर्शानं जातो, पतंग दिव्याच्या रूपानं, मासा जिभेनं. कानानं जातं ते हरीण.

या स्कंधावर नाथांनी मराठीत टीका लिहिली, ती काशीत १५७३ साली पुरी झाली. तेव्हापासून सप्ताहात, चातुर्मासात, ओट्यावर ही हरिणाची गोष्ट गावोगाव सांगितली गेली. माझ्या लहानपणी बुवा हात कानाशी नेऊन हरीण कसं थबकतं ते करून दाखवायचे आणि मागच्या बाया पदर सावरायच्या थांबायच्या. आता बालाघाटींची वाक्यं परत वाचा. नादी लागणं म्हणजे आवाजाच्या मागं लागणं. पहिली पायरी हरीण, दुसरी नाचगाणं, तिसरी नाचणारी, मग पत्ते आणि बाटली. 'तमाशाच्या नादी लागला' या वाक्यात नादाचे दोन्ही अर्थ अजून एकाच जागी बसलेले आहेत. ढोलकी ऐकू येते आणि पाय तिकडं वळतात.

हिंदीत नाद म्हणजे आवाजच राहिला. तिकडं लत आहे, शौक आहे. मराठीनं मात्र हरीण सोडलं नाही.

शंकासूर

हे कीर्तनकाराचं झालं. गावातली माणसं पोथी ऐकून पत्त्यांना नाव ठेवतात होय? साधी गोष्ट आहे, घंटा वाजवली की टोल संपतो पण कानात घुमत राहतं. डोक्यात घुमत राहतं तो नाद. हरीण कशाला आणता मध्ये.

गोदाकाठ

पोथी ऐकून ठेवतात की! 'कुंभकर्ण', 'नारद', 'सुदाम्याचे पोहे' कुठून आले? तुमची घंटाही चांगली आहे, पण घंटेच्या मागं कुणी चालत जात नाही. शब्द 'नादी *लागला*' असा आहे.

कवड्यांची_माळ

मी तुळजापूरची. दोघांचंही ऐकलं. हरीण मी पाहिलेलं नाही, पण नाद लागलेला रोज पाहिलाय.

माझी आज्जी आराधी होती. गळ्यात कवड्यांची माळ, परडी, सगळं. एरवी अगदी हिशोबी बाई, वाण्याला चार आणे सोडायची नाही. नवरात्रात ओसरीवर डाळ निवडत बसलेली असायची. गल्लीच्या तोंडाशी गोंधळ्यांचा संबळ वाजला की तिचं बोट सुपात थांबायचं. संबळाचं एक अंग घुमतं आणि एक टणटणतं. घुमणारं पुढं आलं की तिचा डावा खांदा हलायला लागायचा. नुसता खांदा. मग मान. मग आम्ही पोरं सूप बाजूला ओढायचो, कारण पुढं काय होणार ते माहीत. अंगात वारं यायचं. संबळ थांबला की पाच मिनिटांत पाणी प्यायची आणि विचारायची, "डाळ झाली का निवडून?"

तेव्हा शंकासूरभाऊ, नाद माणसाला *लागतो* म्हणजे काय हे आम्हाला शिकवू नका.

खडू_फळा

कवड्यांची_माळ, तुमचा प्रतिसाद वाचून मला राहवेना. मी परभणीत इंग्रजी शिकवतो. ज्याला आपण 'फॅन' म्हणतो तो शब्द 'फॅनॅटिक'चा तुकडा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला अमेरिकेत बेसबॉलच्या वेड्यांना तो चिकटला. फॅनॅटिक आला लॅटिनमधून. तिथं 'फानुम' म्हणजे देऊळ, आणि 'फानातिकुस' म्हणजे देवळातल्या देवतेचा ज्याच्यात संचार झालाय असा माणूस. रोममध्ये बेलोना नावाच्या युद्धदेवतेचे भगत होते, ते अंगात आलं की स्वतःच्या दंडांवर वार करून घ्यायचे, त्यांना हा शब्द लावत. म्हणजे आज आयपीएलच्या संघाचा टी-शर्ट घालून फिरणारा पोरगा शब्दाच्या हिशोबानं तुमच्या आज्जीच्या शेजारीच बसलाय.

'एन्थुझिअॅझम' तर उघडच आहे. ग्रीक 'एन' म्हणजे आत, 'थेओस' म्हणजे देव. आत देव शिरलेला. आज नोकरीच्या अर्जात लोक हा गुण म्हणून लिहितात. सतराव्या शतकात इंग्लंडात ती शिवी होती, धर्माच्या नावानं अंगात आणणाऱ्यांना द्यायची. मांजराकाठांच्या 'नादी'सारखीच तऱ्हा.

शहागंजचा

आदाब. आमच्याकडं 'नाद' नाही, आमच्याकडं 'शौक'. मूळ अरबी, अर्थ ओढ, तळमळ. दख्खनीत शौक मानाचा शब्द आहे. दादाजानना कबुतरांचा शौक होता, त्यांना कुणी बिघडलेला म्हटलं नाही. मराठीत मात्र 'शौकीन' म्हटलं की अत्तर, पान आणि आणखी काही असा वास येतो. शब्द एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत गेला की त्याची इज्जत बदलते, काय करणार.

पण खडू_फळा सर, तुमच्या रोमच्या देवीला आमच्याकडं भाऊ आहेत. 'दिवाना' फारसी. त्यात 'दीव' बसलाय, दीव म्हणजे राक्षस, भूत. दीवानं धरलेला तो दिवाना. 'मजनू' अरबी 'मजनून'वरून, ज्याला जिन्नानं पछाडलं तो. लैलाचा मजनू पुढं नाव होऊन बसला, मूळ नाव कैस. तर प्रेमातला माणूस म्हणजे आमच्या हिशोबानं जिन्न लागलेला.

आणि ते 'बाज' शेपूट विसरू नका. कबुतरबाज, पतंगबाज. फारसीत 'बाज' म्हणजे खेळणारा. दगाबाज, नखरेबाज तर आमच्याकडूनच गेले, पण तुम्ही मराठीवाल्यांनी वर 'धडाकेबाज'सुद्धा केला. धडाका खेळणारा! दादाजान हसले असते.

बालाघाटी

'पिसा' राहिला की. संतांच्या अभंगात 'पिसें लागलें' येतं ते. पिशाचावरून आलाय. आणि रोजच्या बोलण्यातलं 'झपाटलेला'. देव, जिन्न, दीव, पिशाच्च, सगळे आले. म्हणजे जगात कुणालाच स्वतःहून वेड लागलेलं नाही, प्रत्येकाला कुणीतरी धरलंय.

रंकाळ्याकाठी

माफ करा, कोल्हापूरहून आलोय. नादखुळा शब्द आमचा आहे. वापरा, पण वापरून झाला की जागेवर ठेवा.

बालाघाटी

'खुळा' घेऊन जा. आमच्यात येडा म्हणतेत. 'नाद' मात्र ठेवा, तो गोदाकाठांनी पैठणच्या नावावर आत्ताच फेरफार करून घेतलाय.

कंधारी

तुम्ही सगळे पुस्तकातले. नाद बघायचा तर माळेगावच्या जत्रेत या. लोहा तालुका, खंडोबाची जत्रा, डिसेंबर-जानेवारीत येते. घोडी, गाढवं, उंट, बैल, सगळा बाजार.

आमच्या वडिलांना लालकंधारी जातीच्या बैलांचा नाद. देवणीवाले म्हणतात देवणी, तो वाद इथं नको, घरात जावई देवणीवाला आहे. बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव होतो हे माहीत असेल. पण त्याआधी व्यापारी गिऱ्हाईक ओळखतो. साधं गिऱ्हाईक आधी दात बघतं. नादी गिऱ्हाईक दात नंतर बघतं, आधी बैल चालवून मागं उभं राहून खूर कसा पडतो ते बघतं आणि काही बोलत नाही. ते गप्प झालं की व्यापारी रुमालाखाली एक बोट वाढवतो. वडील दर वेळी गप्प व्हायचे. माय घरी म्हणायची, "जाताना तोंड घेऊन जा, तिथं बोलायला."

आमच्या बाजारात 'नादी' हा दोन्ही अर्थानं चालतो. 'लय नादी माणूस' म्हणजे जनावरातलं कळणारा. त्यालाच उधार देऊ नका असंही सांगतात.

मांजराकाठ, तुम्ही विचारलंत शब्द चांगला कधी झाला. माझं म्हणणं, शंकरपटानं, म्हणजे बैलांच्या शर्यतींनी केला. २०१४ साली सुप्रीम कोर्टानं शर्यती बंद केल्या. २०१७ ला राज्यानं कायदा बदलला तरी सुरू व्हायला डिसेंबर २०२१ उजाडलं, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं कायदा ग्राह्य धरला. मधल्या सात-साडेसात वर्षांत पटाचे बैल नुसते दावणीला खाऊन उभे होते. खर्च रोजचा, कमाई शून्य. तरी ज्यांनी विकले नाहीत त्यांना लोक कौतुकानं म्हणायला लागले, 'ह्याला म्हणायचं नाद.' पोरांनी त्याचे व्हिडिओ केले, त्यावर गाणी लावली. तिथनं तो शब्द टाकीवर गेला.

शंकासूर

हे पटलं. हरणापेक्षा बैल बरा. पण शब्द त्याआधीच मिरवायला लागला होता, 'नाद नाय करायचा' मी कॉलेजात असल्यापासून ऐकतोय. बैलांनी जोर लावला असं म्हणा.

रामेन_नांदेड

मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, मला अॅनिमेचा नाद आहे, घरात त्याला 'ती कार्टून' म्हणतात. जपानीत आमच्यासारख्यांना 'ओताकु' म्हणतात. 'ताकु' म्हणजे घर आणि 'ओ' आदरार्थी. शब्दशः 'आपलं घर', पण बोलताना त्याचा अर्थ 'आपण', 'तुम्ही'. फार औपचारिक, अनोळखी माणसाशी वापरायचा. कॉमिक्सवेडी पोरं एकमेकांशी मित्रासारखं न बोलता हे असं 'आपण'-'आपण' करायची. १९८३ साली अकिओ नाकामोरी नावाच्या लेखकानं एका मासिकात त्यावरून त्यांची टिंगल केली आणि नाव पडलं. १९८९ मध्ये लहान मुलींचे खून करणारा एक माणूस पकडला गेला, त्याच्या खोलीत हजारो व्हिडिओ कॅसेटी निघाल्या. मग ओताकु म्हणवून घ्यायची सोयच राहिली नाही. आता टोकियोतला अकिहाबारा नावाचा अख्खा भाग त्यांच्यावर चालतो आणि पोरं स्वतःच म्हणवून घेतात.

यात देव नाही, भूत नाही. घर आहे. बालाघाटींच्या यादीत हा बसत नाही.

बालाघाटी

बसत नाही खरं. पण माझी माय वडिलांना 'आमच्या घरचे' म्हणते. घर म्हणजे माणूस, हे आम्हाला जपान्यांनी सांगायची गरज नाही.

उसवलेली_शिवण

इतके प्रतिसाद झाले आणि एकानंही विचारलं नाही की 'नादी बाई' म्हटलं की काय अर्थ होतो. विचारून बघा घरात. ताट वाजेल.

बाईला नाद नसतोच. तिला 'सोस' असतो, नाहीतर 'हौस'. माझ्या सासूबाईंना वाकळ शिवायचा नाद आहे, मी तोच शब्द वापरणार. जुनी लुगडी चिरून थर लावायचे, जमिनीवर पसरून कडेनं सुरू करून आत आत यायचं. टाका तांदळाएवढा. मधेच एखादा लांब पडला की उसवून परत घालतात, रात्री बारा वाजता, चाळिशीच्या काडीवर चिकटपट्टी लावून. घरात अकरा वाकळा आहेत आणि माणसं चार. पण शेजारी काय म्हणतात? 'हौशी आहेत हो तुमच्या सासूबाई.' त्यांच्या मुलाला क्रिकेटचा नाद. आईची हौस.

आता गंमत. हौस मूळ अरबी 'हवस'. हिंदी सिनेमात तिची काय अवस्था आहे ती माहीतच आहे. मराठीत आली आणि तिची ओटी भरली, डोहाळेजेवणात बसली, हळदीकुंकवाला गेली. जत्रेतले 'हौसे, नवसे, गवसे' यांतही पहिला मान तिचाच. शहागंजच्या भावांनी म्हटलं तसं गल्ली बदलली, फक्त इथं इज्जत वाढली. का वाढली? बाईच्या आवडीला फार दात नसतात असं धरून चालतात म्हणून, असं माझं मत. कुणाला पटो न पटो.

शहागंजचा

ताई, हवसची हौस झाली हे ऐकून आमच्या अम्मीला सांगतो. तिच्याकडंही वाकळा आहेत.

खडू_फळा

आणि तिसरा सभ्य शब्द 'छंद'. संस्कृतातच त्याचा एक अर्थ इच्छा होता, 'स्वच्छंद' मधला तो. म्हणून तो शाळेत जाऊन बसला. तीस वर्षं 'माझा आवडता छंद' तपासतोय. दर वर्षी निम्मी पोरं पोस्टाची तिकिटं जमवतात, ज्यांच्या घरी वर्षभरात एक पत्र येत नाही. एकदा 'माझा नाद' असा विषय द्यायचं मनात आहे, खरे निबंध येतील. पालकसभेची भीती वाटते.

मोसंबी_जालना

चिवडा संपला. मांजराकाठ, काकांचं सांगा ना. ते काय म्हणतात, हरीण की घंटा?

मांजराकाठ

आज दुपारी काकाकडं जाऊन आलो. हे सगळं मोबाइलवर वाचून दाखवलं. हरणाला मान डोलावली. संबळाचं परत वाचायला लावलं.

मग म्हणाला, "स्टेशन लागायच्या आधीचा आवाज ऐकलास का कधी?" शॉर्टवेव्हवर काटा सरकवताना दोन स्टेशनांच्या मधे एक बारीक शिट्टी येते. काटा जवळ जाईल तशी ती जाड होत होत खाली उतरते आणि एकदम गप्प होते, तिथं स्टेशन असतं. तो म्हणतो, मला बातम्यांचं काय पडलं नव्हतं, भाषाही कळायची नाही, ती शिट्टी उतरायची वाट बघायचो. त्यासाठी पहाटे साडेचारला उठायचा. एरियलची तांब्याची जाळी एकदा माकडांनी ओढून नेली तर दोन दिवस जेवला नव्हता. कार्डं मागायची ती पाहुण्यांना दाखवायला काहीतरी हवं म्हणून, असंही म्हणाला, पण त्यावर माझा विश्वास नाही. त्याची वही पाहिली. प्रत्येक पानावर तारीख, मीटर बँड आणि पाच आकडे. सिग्नल, दुसऱ्या स्टेशनची लुडबुड, खरखर, चढउतार आणि एकूण ऐकू येणं, प्रत्येकाला पाचपैकी गुण. ४३४३३, ३२२३२ अशी पानंच्या पानं. 'आनंद झाला' असा शब्द कुठंही नाही.

काकू आतून ऐकत होती. म्हणाली, "मामाला त्या दिवशी ऐकू आलं नव्हतं, पण मला आलं होतं. मी खिडकीशीच होते."

मी विचारलं, काय ऐकू आलं?

"रेडिओचा."

बालाघाटी

म्हणजे मुलगी आधीच बघायला आली होती?? हे धाग्यात आधी का नाही लिहिलं?

मांजराकाठ

मलाच आज कळलं. काकाही बघत राहिला.

रामेन_नांदेड

कार्डांचे फोटो टाका प्लीज. जपानचं आधी.

मांजराकाठ

टाकतो. पेटीची किल्ली काकूकडं असते.